बिबडीचं डोहाळजेवण

मी आमच्या कुत्रीचं डोहाळजेवण केलं. हसा. पारोळ्यात आमची गल्ली अजून हसते आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसते, कारण कुत्री जिवंत आहे. नसती, तर हे लिहायला मी बसलेच नसते.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आजी, पिल्लं नाहीत. एकही नाही. गर्भाशयात पू भरलाय."

मी म्हणाले, "नीट बघा हो. कालच ओटी भरलीय तिची."

तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. बिबडीच्या गळ्यात हिरवा खण अजून तसाच बांधलेला होता.

बिबडी सहा वर्षांची. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालतो. कुठूनसं आलेलं हे पिल्लू एका दुपारीत अर्धी चादर साफ करून तिथंच झोपलं. मी लाटणं घेऊन धावले आणि दूध पाजून परत आले. तेव्हापासून ती आमची.

पहिली लस टोचताना गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "हिचं स्पे करून घ्या." स्पे म्हणजे मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन. मी म्हणाले, "एकदा तिची कूस उजवू द्या. मग बघू." ते म्हणाले, त्याची काही गरज नसते. मी मान डोलावली आणि ऐकलं नाही. हे मला चांगलं जमतं.

आता माझी आणखी एक गंमत सांगते. तिसऱ्या मुलानंतर सासूबाई म्हणायच्या, "आणखी एक होऊ दे." मी त्यांना "जामनेरला मामाकडे जाते" असं सांगून कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून आले आणि घसरून पडल्याचं नाटक करत आठवडाभर वाकून चालले. केवढी हुशार समजायचे मी स्वतःला. तीच हुशार बाई पुढं कुत्रीची सासू झाली आणि त्यांच्याच सुरात बोलली.

तरी तिच्यासाठी माझं स्थळ बघणं चालूच. दरवेळी बिबडी माजावर आली की मी ओट्यावर काठी घेऊन बसायचे. हा लूत भरलेला, तो दुसऱ्या गल्लीतला, त्याची शेपटी अर्धी. शेवटी यंदा समोरच्या कमलअक्कांचा मोत्या पसंत केला. अक्कांनी त्या दिवसापासून मला विहीणबाई म्हणायला सुरुवात केली आणि आमच्याकडे चहाला आल्या की उंच पाटावर बसू लागल्या.

महिना उलटला. बिबडीचं पोट दिसायला लागलं. ती पाणी पिऊ लागली, बादलीच्या बादली. जेवण कमी झालं. दिवसभर झोपून राहायची.

माझी सून वैशाली म्हणाली, "आई, एवढं पाणी बरं नाही. दाखवून आणू."

"तुझ्या वेळी तू काय कमी प्यायचीस?"

"मी बादलीत तोंड घालत नव्हते," वैशाली म्हणाली. तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठले, पण डोहाळजेवणाचं सामान आणायला.

गल्लीतल्या बायका जमल्या. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी. अक्का नव्या लुगड्यात, मोत्याला आंघोळ घालून घेऊन आल्या. आमच्यात दोन वाट्या उपड्या ठेवतात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीनं पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. आम्ही वाट्या मांडल्या. बिबडी आली, दोन्ही हुंगल्या, आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन पडली. मी वाटी उचलून पेढा तिच्या नाकाशी धरला. तिनं डोळे मिटले.

अक्का म्हणाल्या, "दोन्ही नको म्हंजे दोन्ही व्हतीन." सगळ्या हसल्या. बंद डब्याचं झाकण नाकानं उडवणारी कुत्री पेढ्याला तोंड लावत नाही, आणि आम्ही बारा-पंधरा बायका, सगळ्या मिळून डझनावारी बाळंतपणं पार पाडलेल्या, हसत होतो.

नाना, म्हणजे माझे यजमान, दारात उभे होते. ते हसले नाहीत.

सकाळी ती उठेना. अंग तापलेलं, पाय थरथरत होते. वैशालीनं गाडी काढली. नाना मागच्या सीटवर, तिचं डोकं मांडीवर घेऊन. पारोळ्याहून धुळ्यापर्यंत ते एकच वाक्य बोलले, आणि तेही बिबडीशी: "आलंच हं."

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. या आजाराचं नाव पायोमेट्रा. स्पे न झालेल्या मादीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत गर्भाशयात जंतू वाढतात आणि पू होतो. कधी तो बाहेर येतो, मग घरच्यांना निदान कळतं तरी. हिचा क्लोज्ड होता, म्हणजे गर्भाशयाचं तोंड बंद. पू आतच साठत होता. पोट त्यानं वाढलेलं. विष अंगात भिनून मूत्रपिंडावर ताण आलेला, म्हणून ती तहान.

"इलाज?" मी विचारलं.

"तोच, जो तेव्हाच करायला हवा होता. स्पे. फक्त तेव्हा ती धडधाकट होती. आता तिला भूल सोसेल का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण थांबलो तर गर्भाशय फुटेल."

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, जरा धुगधुगी येईपर्यंत थांबल्या. मग आत नेताना त्यांनी तिच्या गळ्यातला खण सोडला आणि माझ्या हातात दिला.

बाहेर बाकावर एक शेतकरी शेळी घेऊन बसला होता, एक कॉलेजची मुलगी पोपटाचा पिंजरा घेऊन. शेळीवाल्यानं विचारलं, "काय झालं हो तुमच्या जनावराला?" मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट रंगवून सांगता आली नाही. नानांनी माझ्या हातातला खण घेतला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि खण घडी करून खिशात ठेवला.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत म्हणाल्या, "श्वास चांगला आहे. बघायचंय, काय काढलं ते?"

वैशालीनं तोंड फिरवलं. मी गेले. ट्रेमध्ये दोन चांगली पोसलेली गिलकी, म्हणजे घोसाळी, ठेवावीत तसं ते दिसत होतं, टम्म फुगलेलं. एवढं ओझं घेऊन माझी पोर काल वाट्यांपाशी चालत आली होती, कारण मी हाक मारली. आमच्या घरी त्यानंतर गिलक्याची भजी झाली नाहीत.

दोन रात्री तिला तिथंच ठेवलं. नाना धुळ्यात पुतण्याकडे राहिले आणि दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचे. घरी आली ती गळ्यात प्लास्टिकचा मोठा कोन घालून. टाके चाटू नयेत म्हणून तो असतो. तो कोन दाराच्या चौकटीला, कपाटाला, माझ्या पोटऱ्यांना, सगळ्यांना धडकला. मऊ भात कालवून मी तिच्यापुढं बसायचे. दोन घास खायची, माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग तो दिवस. नाना जेवायला बसले होते. मी वरण आणायला वळले आणि मागून खडखडाट झाला. बिबडीनं कोन फावड्यासारखा ताटात घातला होता, आख्खी भाकरी कोनात, आणि ती पळत होती. पोटावर टाके असलेली कुत्री पळत होती. मी ओरडले, "चोर, चोर, धरा तिला!" आणि धरायला मात्र कुणीच उठलं नाही. नाना रिकाम्या ताटापुढं बसून म्हणाले, "नेऊ दे. माझं पोट भरलं." मी इतकी नाचले की वैशालीनं मला खाली बसवलं.

टाके निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हा आजार तिला होणं नाही, कारण पिशवीच नाही.

म्हणून सांगते. तुमच्या घरी कुत्री असेल आणि माजानंतर ती फार पाणी प्यायला लागली, जेवण टाकलं, पोट सुटलं, मलूल झाली, तर लाडू वळू नका, दवाखाना गाठा. त्याहून बरं म्हणजे ती ठणठणीत असतानाच कोणत्या वयात करायचं ते डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करून घ्या. एकदा आई झालीच पाहिजे, हे आपलं म्हणणं. तिनं कधी अर्ज केलेला नसतो. नर असेल तर त्याचंही करा. त्याला न्यूटरिंग म्हणतात आणि ते मादीपेक्षा सोपं असतं. मोत्या गावभर हुंदडतो, भांडून कान फाडून घेतो, हे मी अक्कांना सांगितलं. अक्का नाक मुरडून गेल्या. विहिणीनं जावयासारख्या पोराबद्दल असं बोलावं, हे त्यांना रुचलं नाही.

परवा त्या आल्या. उंच पाट सोडून जमिनीवरच बसल्या. पदराखालून दोन वाट्या काढून उपड्या ठेवल्या. बिबडीनं एक नाकानं उडवली, पेढा गेला. दुसरी उडवली, बर्फी गेली. मग अक्कांची पिशवी हुंगायला लागली. अक्का कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या:

"त्या दिन तिनी पेढा नही खाधा, तवय आपन बठ्ठ्या हासनूत. आते मना मोत्याले धुयाना दवाखानामा लई चाल. पन आदीच सांगी ठेवस, त्यानं डोहायजेवन मी करनार नही."