दोन धुराड्यांमधलं आकाश

जमनादादी गेल्याची बातमी मला बदलापूरला, शाळेत चित्रकलेचा तास घेत असताना मिळाली. दादींच्या शेजारच्या लीलाबाई सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातून स्वतः आल्या होत्या. व्हरांड्यातूनच त्यांनी मला हाताने खुणावलं आणि जवळ गेल्यावर नुसतं म्हणाल्या, "दादी गई, सुमन." थोड्या दिवसांचा ताप, बाकी काही नाही... मी तशीच त्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेले, पण पोचेपर्यंत दादींना नेलं होतं. अंबरनाथला घरी येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "तू पाहिलंस?" मी म्हटलं, नाही, नेलं होतं. "मग ही ऐकीव गोष्ट झाली," असं म्हणून त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि ते एकटेच कॅम्पात गेले. दिवेलागणीला परतले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "खरं आहे." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बातमीचासुद्धा संशय घेणारा हा माणूस कारखान्यात नकाशे काढतो. मिलिमीटरचा फरक पडला तर यंत्र बसत नाही, अशा कामात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय त्यांना पटत नाही. जमनादादी तर त्यांना पहिल्या दिवसापासून पटल्या नव्हत्या.

फाळणीनंतर दोनेक वर्षांनी त्या आमच्या अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायला आल्या. मी तेव्हा वरच्या वर्गात होते. पांढरी साडी, उंच बांधा, हातात कापडात गुंडाळलेले कागद. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "मुझे दादी बोलो." सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "तिशीतली बाई आणि दादी? नाव लपवतेय का?" अण्णांनाच काय, सगळ्यांनाच त्या कोड्यात टाकत. सिंधमधून माणसं कुटुंबानिशी आली होती, भावकीनिशी आली होती. या एकट्या. कुणी म्हणे नवरा तिकडेच राहिला, कुणी म्हणे नवरा नव्हताच. कॅम्पातले त्यांचे शेजारीसुद्धा खात्रीने काही सांगत नसत. हेडमास्तरांच्या बायकोने एकदा सरळच विचारलं, "तुम्ही एकट्याच आलात?" दादी म्हणाल्या, "आप कितने जन आए थे?" त्या बाई बिचाऱ्या पिढ्यान्पिढ्या इथल्याच. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही, पण बोलायच्या मात्र पुष्कळ.

दादींचं शिकवणंही संशयास्पदच होतं म्हणायचं. दुसऱ्या शाळांतल्या मुली फुलदाणी, आंबा, मोर काढून रंगवत होत्या. आम्ही महिनाभर नुसत्या रेषा ओढत होतो. बारीक, जाड, घाबरलेली, चिडलेली... "रेषा को पहले चलने दो, फिर नाचेगी," असं त्या म्हणत. मग आकार. मग पोत: कागद गोणपाटावर ठेवायचा, झाडाच्या सालीवर ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. जुन्या देवळाच्या दगडावर कागद टेकवून आम्ही घासत होतो तेव्हा पुजारी काठी घेऊन आला होता. रंगाची पेटी त्यांनी आम्हाला उघडूच दिली नाही. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, की ही बाई मुलींकडून काय करून घेते ते एकदा कळू द्या.

आणि मग तो पोकळीचा तास आला. दादी आम्हा पाच मुलींना घेऊन वालधुनी नदीच्या पलीकडच्या टेकाडावर गेल्या. तिथून अण्णांच्या कारखान्याची धुराडी आणि पाण्याची टाकी दिसते. त्या म्हणाल्या, "चीज मत बनाओ. दोन चीजांच्या मधली जागा काढा. चीज तुम्हाला माहीत असते, म्हणून न बघताच काढता. मधली जागा कुणालाच माहीत नसते. ती बघावीच लागते." आम्ही धुराड्यांमधलं आकाश काढलं आणि पेन्सिलीने गडद भरलं. कागदावर चित्रविचित्र काळे तुकडे उमटले. कारखाना कुठेच नव्हता. नाव कागदावर लिहायचं नाही, हा दादींचा नियम. त्यांच्या मते नाव लिहिलं की माणूस चित्रापेक्षा नावाकडेच बघतो.

खालून जाणाऱ्या कुणीतरी आम्हाला पाहिलं असावं. कारखाना साधासुधा नव्हता, सरकारी होता आणि तिथे काय बनतं ते बोलायची बंदी होती. त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या मुली, हातात कागद आणि मागे उभी सिंधी बाई... दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतले दोन अधिकारी शाळेत आले. दादींचं कापडी गाठोडं हेडमास्तरांच्या टेबलावर सोडलं गेलं. आम्हा पाच जणींना भिंतीला लागून उभं केलं. दादींना खुर्ची दिली होती, पण त्या बसल्या नाहीत. दाराकडे पाठ होईल अशा जागी त्या कधीच बसत नसत.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने काळे तुकडे दाखवून विचारलं.

"आकाश," दादी म्हणाल्या.

"काळं?"

"कागज पे जो चाहे कर सकते हैं."

"नावं का नाहीत? कुणी काढलेत हे?"

दादींनी आमच्यापैकी एकीकडेही पाहिलं नाही. ते न बघणं मला आजही आठवतं. एक नजर टाकली असती तर आम्ही पुढे झालो असतो आणि त्या सुटल्या असत्या.

थोड्या वेळाने नकाशे वाचणारा जाणकार म्हणून कारखान्यातून माणूस बोलावला गेला. दारातून अण्णा आत आले.

त्यांनी मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. कागद एकेक करून उजेडात धरले, आडवे धरले, उलटे धरले. अधिकारी म्हणाला, "खुणा असतील तर सांगा. ही जागा आपल्या आवारातली आहे का?" एक कागद अण्णांच्या हातात तसाच राहिला. तो माझा होता. मी डावखुरी. माझ्या पेन्सिलीच्या रेघा इतरांपेक्षा उलट्या बाजूला कलतात आणि ते अण्णांइतकं कुणाला माहीत असणार? त्या साली आम्हाला नुकतंच कारखान्याकडून राहायला घर मिळालं होतं. "काही कळत नाही" एवढं म्हटलं असतं तर ते मोकळे होते.

"हो," अण्णा म्हणाले. "आपली दोन धुराडी आणि टाकी, त्यांच्या मधली जागा आहे ही. अगदी बरोबर काढलीय."

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला.

"पण हा नकाशा नाही," अण्णा पुढे म्हणाले. "यात माप नाही, दिशा नाही. याच्यावरून कुणाला दरवाजासुद्धा सापडायचा नाही. आणि हा कागद माझ्या मुलीने काढलाय. ती तिथे उभी आहे. पकडायचं असेल तर आधी तिला पकडा. मग मला."

अधिकाऱ्याने कागद पुन्हा पाहिला, मला पाहिलं आणि हसू आवरल्यासारखा मिशीवरून हात फिरवला. कागद मात्र ते सगळे घेऊन गेले. पुन्हा बाहेर चित्रं काढायची नाहीत, अशी ताकीद दिली. वर्ष संपल्यावर हेडमास्तरांनी दादींना निरोप दिला... कारण विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

दादींनी मग कॅम्पातल्या आपल्या बराकीत रविवारचा वर्ग काढला. मी जाणार म्हणून हट्ट धरला. अण्णा म्हणाले, "जा. पण मी बरोबर येणार." ते खरंच आले. दारात स्टूल टाकून बसले, म्हणाले, "माझी हरकत नाही ना?" दादी म्हणाल्या, "हरकत तो आपको है." आईने मला गुपचूप विचारलं होतं, की दादींना त्या दिवशी वाचवलं, तर आता पहारा कशाला? मी तेच अण्णांना विचारलं. "तिने नकाशा काढला नाही, एवढंच मी सांगितलं," ते म्हणाले. "ती कोण आहे, ते मला कुठे माहीत आहे?"

किती रविवार ते तसे बसले! एकदा दादींनी त्यांच्या मांडीवर कागद ठेवला. "बैठे ही हो तो कुछ खींचो." अण्णांनी खिशातून पट्टी काढली. दादींनी ती काढून घेतली. अण्णा चिडले, पण उठून गेले नाहीत. त्यांनी ओढलेली पहिली मोकळी रेषा इतकी थरथरत होती, की लीलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे वर्षावर वर्षं गेली. मी चित्रकलेची परीक्षा देऊन बदलापूरला शिक्षिका झाले, माझं येणं कमी झालं. अण्णा मात्र जातच राहिले. घरी म्हणत, "लक्ष ठेवायला नको का कुणीतरी?" दादींनी त्यांना आपल्या मागच्या आयुष्याबद्दल काही सांगितलं का, मला ठाऊक नाही. एवढं मात्र खरं, की गेल्या वर्षी त्या दोघांना मी गप्पा मारताना पाहिलं तेव्हा दादी दाराकडे पाठ करून बसल्या होत्या.

दादींच्या एका सवयीबद्दल अजून लिहिलं नाही. उजेड-अंधाराच्या छटा शिकवताना त्या डोळे बारीक करायला लावत. "बारीकसारीक सब निकल जाएगा. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढंच राहील." पण त्या माणसांकडेही तशाच बघत. नवीन माणसाला वाटे, ही आपल्यावर संशय घेतेय. कदाचित घेतही असतील...

गेल्या आठवड्यात त्यांची खोली रिकामी करायची म्हणून लीलाबाईंनी बोलावलं. अण्णाही आले. खाट बाहेर काढली होती, भिंतीवर खिळे तेवढे उरले होते. पलीकडच्या खिडकीतून उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती आणि बाकीची खोली काळोखी होती. मी दादींसारखे डोळे बारीक करून उभी राहिले. लीलाबाई म्हणाल्या, "ऐसे क्या देख रही है? किस पर शक है?"

"कुणावर नाही," मी म्हटलं. "उजेड बघतेय."

शेजारी अण्णा उभे होते. चष्मा हातात आणि त्यांचेही डोळे बारीक झालेले. ते काय बघत होते, मी विचारलं नाही.