गाद्या कोणी शिवल्या

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेली नाही. आई होती तेव्हा तिला नाही, पत्नीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर मुळीच नाही. इतकी वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे मला मांडणीचा एकच क्रम येतो : आधी साहित्य, मग कृती, मग निरीक्षण, शेवटी अनुमान. त्याच क्रमाने जाऊ पाहतो. वाटेत दोन-तीन वेळा माझे पाऊल अडखळेल — ते तुम्ही समजून घ्याल असे नाही, पण तुमच्या लक्षात मात्र येईल.

साहित्य, तर. महायुद्ध संपून दहा-एक वर्षे झाली होती. मद्रासच्या जुन्या बाजारात सैन्याने विकून टाकलेले सामान ढिगांनी मिळे. तिथून मी एक हेडफोन आणला. काळ्या बॅकेलाइटच्या दोन टोप्या, डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी, कापडाने मढवलेली तार. इतका संवेदनशील हेडफोन त्या वेळी तंजावरात दुसऱ्या कोणाकडे नसावा. माझा हेतू साधा होता. रेडिओच्या तिरुची केंद्रावरून संध्याकाळी गायनाची कच्चेरी, म्हणजे मैफल, लागे. ती मला अशी ऐकायची होती की जणू मी तिरुवैयारूला नदीकाठच्या मांडवात पहिल्या रांगेत बसलो आहे.

कृती. प्रथम एका व्हॉल्व्हचा, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या एका नळीचा, अँप्लिफायर केला. त्यात गाण्यापेक्षा गुणगुण जास्त. मग दोन व्हॉल्व्हचा केला. मग त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला — केसासारखी तांब्याची तार, हजारो वेढे, मोजताना कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बदलाने आवाज वाढला आणि स्वच्छ झाला, हे खरे. पण मृदंगाचे उजवे अंगच तेवढे टकटक ऐकू येई. डाव्या अंगाचा तो घुमारा, ज्यावर सगळी कच्चेरी उभी असते, तो कुठेच नव्हता. दीड वर्ष मी तो व्हॉल्व्हमध्ये शोधला, तारेत शोधला, वहीत शोधला.

माझी धाकटी बहीण तुळजा हे सारे पाहत असे. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली. आठवीपर्यंत शिकलेली, सुईच्या कामात अशी तरबेज की तिने रफू केलेली जागा नंतर तिलाही सापडत नसे. तिने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. "अण्णा, कुठं तरी मला काम बघ रे. इथं मला कोण काही बोलत नाही, तेच मला सोसवत नाही." मी तमिळ ढंगात होकार दिला होता, "सरी, बघतो." हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवावे. मी ते ठेवले नाही.

एके दिवशी तिने माझे कान पाहिले. टोप्यांच्या कडांनी दोन्ही कानांमागे लाल वळ उठले होते.

"एवढ्या तारा गुंडाळल्यास," ती म्हणाली, "कानाला काय हवं ते कानाला विचारलंस का?"

"हे शास्त्र आहे, तुळजा. गादी-उशीचं काम नव्हे."

"होय होय. शास्त्र्यांचे कान टोमॅटोसारखे झालेत, तेवढं बघ आरशात."

आमच्या गल्लीच्या टोकाला मृदंग करणारा एक कारागीर राही. त्याच्याकडून तिने शेळीच्या मऊ कातड्याच्या टाकाऊ पट्ट्या आणल्या. कातडे घरात नको म्हणून मागे विहिरीपाशी नारळाखाली बसून तिने दोन वळी शिवली, आत सावरीचा कापूस भरला, टाके सगळे आतल्या बाजूला घेतले आणि ती वळी टोप्यांवर चढवली. मी हेडफोन कानाला लावला, आणि मृदंगाचे डावे अंग बोलले.

ते कसे घडले हे सांगणे माझे कर्तव्य आहे. कठीण टोपी कानावर नीट बसत नाही, फट राहते, खालचे स्वर त्या फटीतून निसटून जातात. मऊ गादी ती फट बुजवते. याची परीक्षाही सोपी आहे : गादी आणि कान यांच्यामध्ये एक पेन्सिल सरकवा — घुमारा नाहीसा होतो. पेन्सिल काढा — परत येतो. मी हे अकरा वेळा केले आणि वहीत लिहून ठेवले. मग तुळजाच्या गाद्या जुन्या, एका व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला जोडून पाहिल्या. घुमारा तिथेही होता. म्हणजे दीड वर्षाच्या माझ्या खटपटीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हेही मी वहीत लिहिले. ते पान मी नंतर कोणाला दाखवले नाही.

आता निरीक्षण. इथे माझा वेग मंदावतो आहे, हे मला कळते.

आमच्या शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन भरले. माझ्या टेबलापुढे रांग लागली. लोक हेडफोन लावत, डोळे मिटत, आणि माझ्याकडे आदराने पाहत. मी प्रत्येकाला अँप्लिफायरचे भाग छडीने दाखवून समजावून सांगत होतो. रांगेत मद्रासहून आलेल्या एक बाई होत्या — पांढरी साडी, जाड काचांचा चष्मा. तिथल्या ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. भावाकडे आल्या होत्या म्हणून प्रदर्शन पाहायला आल्या. त्यांनी हेडफोन लावला, क्षणभर ऐकला, काढला. आणि अँप्लिफायरकडे वळूनही न पाहता गादी अंगठ्याने दाबू लागल्या. उलटी केली. टाके शोधले, सापडले नाहीत.

"या कोणी शिवल्या?" त्यांनी विचारले.

आमची मुले, त्या सांगू लागल्या, थोडाफार आवाज ऐकू शकतात. आम्ही त्यांना यंत्र लावून शिकवतो. पण टोप्या कानाला रुततात आणि मुले त्या काढून फेकतात. अशा गाद्या करणारी बाई मिळाली तर तिला आम्ही ठेवून घेऊ. राहायची सोय मुलांजवळच. थोडे लिहिता-वाचता आले तर फारच उत्तम.

तुळजा दहा पावलांवर उभी होती. बायकांच्या घोळक्यात, भिंतीला टेकून. पोरांच्या गलक्यात तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण बाई गादी दाबून पाहताहेत हे तिला दिसत होते, आणि ती हसत होती.

मी म्हणालो, "मद्रासहूनच मागवल्या. दुकानाचे नाव आता आठवत नाही."

बाई म्हणाल्या, "आश्चर्य आहे. मद्रासमध्ये मी सगळीकडे शोधलं." मग एका कागदावर पत्ता लिहून दिला : नाव आठवले तर कळवा. मी तो कागद पाठ्यपुस्तकात ठेवला. घरी जाताना तुळजाने विचारले, "अण्णा, त्या बाई काय म्हणाल्या रे?" मी म्हणालो, "आवाज स्वच्छ आहे म्हणाल्या."

झाले. हे ते. एका वाक्याचे खोटे आणि ते झाकायला दुसरे एक वाक्य.

का बोललो मी तसे? पुष्कळ वर्षे मी स्वतःला उत्तर देत आलो की घराची अब्रू — आमच्या घरातली विधवा मुलगी कातडे शिवते हे चारचौघांत कसे सांगायचे? हे उत्तर टिकत नाही. आईला पुढे कातड्याचे कळले तेव्हा ती तुळजाला एवढेच म्हणाली, "दारात गाई-म्हशी बांधून झाल्या, आता कातड्याला काय भ्यायचं? आंघोळ कर आणि आत ये." मग बहीण दूर जाईल ही माया? तेही नव्हे, जायचे तिनेच मागितले होते आणि मी हो म्हटले होते. मग काय उरले? उरले ते हे — त्या बाईंनी माझ्या अँप्लिफायरकडे पाहिले नाही. रांगेतल्या पन्नास माणसांनी पाहिले आणि जिला खरोखर कळत होते तिने पाहिले नाही. एवढ्यासाठी. एवढ्याच्यासाठी मी माझ्या बहिणीचे काम आणि तिची वाट, दोन्ही मुठीत धरून ठेवली.

आणि मी तिथे थांबलो का? नाही. शिक्षकांच्या एका मासिकात मी लेख लिहिला : खालचे स्वर अँप्लिफायरने कसे सुधारतात. आकृतीसह. गाद्यांचा उल्लेख नाही. पापनाशमच्या एका तरुण शिक्षकाने त्याबरहुकूम यंत्र केले आणि बसने माझ्याकडे आला. "राव सार, सगळं केलं, पण घुमारा काही येत नाही." मी त्याला काय सांगितले असेल? "ट्रान्सफॉर्मरचे वेढे चुकले असतील. पुन्हा गुंडाळा." त्याने पुन्हा गुंडाळला. परत आला. मी तेच सांगितले. तिसऱ्या खेपेला त्याच्या बोटांना तारेने चिरा पडल्या होत्या. तुळजा ताक घेऊन बाहेर आली, तिने त्याची तक्रार ऐकली आणि सहज विचारले, "गाद्या नाही का लावल्या तुम्ही? अण्णांनी लिहिलं नव्हतं?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "अरेच्चा, लिहायचे राहिलेच." तो बिचारा पोट धरून हसला. "राव सार, माझं अख्खं वर्ष गुंडाळलंत की हो!" तुळजाही हसली. तिने त्याला गाद्यांचा एक जोड दिला आणि तो आनंदाने बस पकडायला गेला. दोघांनी मिळून मला विसरभोळा ठरवले आणि मी ती पदवी मुकाट्याने घेतली.

मात्र दुसऱ्या दिवशी मी पाठ्यपुस्तकातला कागद काढला. प्रदर्शनाला तेव्हा सहा वर्षे उलटली होती. मद्रासला पत्र लिहिले : गाद्या करणारी बाई सापडली आहे, ती माझी बहीण आहे. 'सापडली' असे लिहिले. चूक सुधारतानाही मी एक खोटे क्रियापद वापरले. आठवड्यात उत्तर आले, आणि महिन्यात तुळजा मद्रासला गेली — वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एक ट्रंक आणि कातड्याची एक गुंडाळी घेऊन. तिची समजूत अशी की ते बोलावणे त्याच वेळी, पहिल्यांदाच आले.

आज त्यालाही चार वर्षे झाली. ती तिथे गाद्या करते, मोठ्या मुलींना शिवण शिकवते, आणि तिच्या शब्दांत सांगायचे तर "दिवसभर बोलते, कारण ऐकू येत नाही त्यांच्याशी जास्त बोलावं लागतं." ती सुट्टीत आली की घराचा आवाज वाढतो. या उन्हाळ्यात आल्या आल्या तिने फर्मान काढले : शाळेतल्या यंत्राचा आवाज फाटतो, नवा अँप्लिफायर करून दे. आम्ही दोघांनी तो महिनाभर बसून केला. तारा माझ्या, गाद्या तिच्या. सोबतच्या वहीत कोणत्या गोष्टीने काय साधते ते मी प्रथमच खरे लिहिले आहे, पेन्सिलच्या परीक्षेसह. मासिकालाही दुरुस्ती पाठवली, आणि पापनाशमला पत्र. इतके करूनही मूळ गोष्ट राहिलीच होती.

परवा जेवायला वाढताना तिने एका मुलीची हकीकत सांगितली. त्या वेळी सात वर्षांची. तुळजा तिथे गेली तेव्हा ही मुलगी हेडफोन काढून त्याच्यावर बसायची. हट्टी म्हणून तिचे नाव झाले होते. गाद्या लावल्यावर तिने तो डोक्यावर राहू दिला. काही दिवसांनी वर्गात मागे कोणी ढोल वाजवला, आणि मुलीने मान वळवली.

"अशी वळवली, अण्णा," तुळजा भाताचा डाव हातात धरून मान वळवून दाखवत म्हणाली. मग भात वाढता वाढता सहज पुढे म्हणाली, "तिच्या आधीची मोठी मुलं होती ना, ती काही न शिकता शाळा सोडून गेली. जाताना भेटली मला. कानांमागे वण होते. मला बोलावणं थोडं आधी आलं असतं तर — ताक घेणार ना?"

मी ताक घेतले.

सहा वर्षांत त्या शाळेत किती मुले येऊन गेली, मला माहीत नाही. हा आकडा माझ्या कोणत्याही वहीत नाही. माझे अनुमान मात्र पूर्ण झाले आहे : मी जे रोखले ते एकट्या तुळजाचे नव्हते.

उद्या सकाळच्या गाडीने ती परत जाईल. यंत्राची पेटी बांधून तयार आहे. दुपारी भांडी आवरली की ती ओसरीवर चष्मा लावून बसते. शाळा तमिळ, म्हणून वडिलांनी आम्हा दोघांना मराठीची बाळबोध अक्षरे घरीच एका पाटीवर शिकवली. ती सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून, आणि एकही शब्द गाळत नाही. आज दुपारी ही पाने मी तिच्या हाती देईन. तिला लागेल तेवढा वेळ लागो. ती वाचत असताना मी समोर बसून राहीन.