आबांची रिकामी गाडी

आमच्या जळगावच्या बोर्डिंगात कार्तिकातली पायी सहल म्हणजे दिवाळीहून मोठा सण! आमटी कितीही पातळ असो, भाकरी कितीही करपो, त्या महिन्यात कुणी हूं की चूं करायचं नाही, कारण कुरकुरणाऱ्याला गृहपती मास्तर सहलीतून वगळायचे. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. त्या साली माझी पहिलीच खेप, आणि जायचं थेट वरणगावपर्यंत! मास्तर पहाटे उठवायला आले, तर मी दशम्या पाठीला बांधून दारातच उभा.

मास्तरांचा नियम कडक होता. "वाटेत जो गाडीत बसेल त्याला पुन्हा सहल नाही. आणि ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर."

नशिराबाद मागे पडेपर्यंत माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली, हवेत गारवा, आणि आम्ही घसा फोडून गात होतो. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ते घुंगरू मी झोपेतही ओळखले असते. जळगावच्या सरकी काढायच्या जिनात कापूस घालून माझे वडील, आबा, रिकामी गाडी घेऊन घरी निघाले होते. आमचं गाव वरणगावच्या जरा अलीकडे, म्हणजे वाट एकच.

"अरे, तू अथी कसा? अन् पायी?" आबांनी बैल थांबवले.

"सहल आहे आबा. चालत वरणगावला."

"चालत? घरी बैलजोडी असून माह्यं पोरगं पायी? लोक काय म्हनतीन? चढ गाडीत."

मी जागचा हललो नाही. आबांचा आवाज चढला. "चढतो का नाही? नाहीतर उद्याच बोर्डिंगातून वळकटी उचल अन् शेतात ये. शिकून हेच येडेपन करायचं असलं, तर ती शाळा नको मले."

घ्या! इकडे आड, तिकडे विहीर. गाडीत चढलो तर सहल गेली, नाही चढलो तर शाळाच गेली. आबांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. मास्तर मध्ये पडायला आले, पण आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. आजवर मी आबांना कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. कसा कोण जाणे, धीर आला.

"आबा, मला चालायचंय," मी म्हणालो. "लई मजा येते हो!"

आबा गाडीतून उतरले. आता मुस्काटात बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर आबा कासरा धरून बैलांच्या पुढे चालत होते.

"काय पाहतो? पोरगं पायी अन् बाप गाडीत, लोक काय म्हनतीन?"

झालं! पुढे आबा, मागे बैल, त्यामागे रिकामी गाडी, आणि गाडीमागे पाठीवर ओझी घेतलेली आम्ही पोरं. असली वरात त्या रस्त्यानं कधी पाहिली नसेल. जो तो विचारी, "आबा, गाडीचा आख मोडला का?" पहिल्यांदा आबा ओशाळले. पण वाघूर नदी ओलांडली तोवर छाती काढून सांगू लागले, "मोडते कशाला? बोर्डिंगची सहल हाये!"

मला मात्र शाळेचं काही विचारायची हिंमत होईना. आमच्या गावाचा फाटा आला. बैल सवयीनं वळले. आबांनी कासरा ओढून त्यांना पुन्हा सरळ रस्त्याला लावलं.

वरणगावच्या धर्मशाळेत भरीत-भाकरीला आबा आमच्याच पंगतीत बसले. नंतर मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून मास्तरांना म्हणाले, "मास्तर, या पोराचं सांगाचं होतं." मी खांबाआड सरकलो.

"पुढच्या साली कधी निघता ते मले आधी कयवा. अन् याले बोर्डिंगातच राहू द्या. हा घरी आला, तर मले कयवीन कोन?"