मामांच्या कोलेस्टेरॉलचा सत्कार

स्वतःच्या आजारपणाचा जाहीर सत्कार घडवून आणणारा माणूस उभ्या खानदेशात एकच झाला, आणि ते म्हणजे असोद्याचे माझे मोठे मामा. भरीत म्हणजे त्यांची मक्तेदारी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजावीत त्यांनी, वर तेलाची किटली उपडी करावी त्यांनी, आणि मीठ कसं झालंय हे बोलायची आमची प्राज्ञा नव्हती. एकदा मामी "जरा कमी वाटतं" म्हणाल्या, तर मामांनी आठवडाभर अबोला धरला. जळगावच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलंय, तेल आवरा असं बजावल्यापासून तर मामांनी त्यांच्याशी वैरच मांडलं. शिवाय रोज संध्याकाळी ते 'औषधाचा' एक पेला घेत. ते औषध कुठल्या दुकानात मिळतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सन एकोणीसशे नव्वदच्या आसपास एका हिवाळ्यात मामांचे डोळे पिवळे दिसू लागले, पाय सुजले. "पाय पाहाय माहे, कसं बाळसं धरू राह्यले!" असं ते कौतुकाने सांगत. मामींनी बळेच रक्त तपासायला धाडलं, तर रिपोर्टात मामांनी एवढंच वाचलं की कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलंय. "तेल न सोडता उतरवलं भो! आता डॉक्टरलेच जेवाले बलावतो."

शेतात भरिताची पार्टी झाली. डॉक्टर आले, रिपोर्ट वाचला आणि मामांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"मामा, कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं. कापसाची जिनिंग बंद पडत आली की गोदाम रिकामं होणारच ना? रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही तिथेच तयार होतं. ते घटलं, म्हणून पाणी पायात उतरलं. पेला सोडा, नाहीतर पुढचा हिवाळा दिसणार नाही."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी किटली खाली ठेवली.

पेला त्याच दिवशी सुटला. पायांत पाणी साठू नये म्हणून मीठही अगदी बेताचं. डाळ, अंडी, ताक मात्र भरपूर. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाय इतके उतरले की चपला ढिल्या झाल्या. अल्ब्युमिन वाढलं, आणि मामा पेढे घेऊन दवाखान्यात ओरडतच शिरले, "वाढलं भो, कोलेस्टेरॉलबी वाढलं!" त्यासाठीच पूर्वी रागावणारे डॉक्टर हसता हसता चष्मा पुसू लागले.

त्या वर्षीही मामांनीच वांगी भाजली. स्वतःचं अळणी भरीत बाजूला काढून त्यांनी आमच्या भरितात मीठ घातलं, पण त्यांना ते चाखायची बंदी होती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "मीठ बरोबर हाये का रे?"

मी म्हणालो, "एकदम बरोबर, मामा."

जरा कमीच होतं. मामींसकट सगळ्यांनी तसंच खाल्लं.