हळदीच्या पाण्यातला सूर्य

मोठ्या देवळातल्या नंदीची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे! आता, त्याच नंदीबद्दल आम्ही तंजावूरची माणसं पाहुण्यांना सांगतो की तो पूर्वी रोज थोडा थोडा वाढायचा, म्हणून पाठीत खिळा मारून थांबवला. तेव्हा माझ्या शपथेचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. एक जागा तर मी नक्कीच बनवून लिहिली आहे. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

किस्से साठतात कसे, तर कॉफीच्या फिल्टरमध्ये चोथा साठतो तसे. वरून गरम पाणी ओतायचं, खाली उतरलेलं पिऊन टाकायचं, आणि वरचा चोथा तसाच. माझ्याकडे पंधरा वर्षांचा आहे. फेकायचा राहिला.

* * *

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरांचं एक लहानसं वाचनालय आहे. दाराशी काळा फळा. डावीकडे विज्ञानातला एखादा चकित करणारा शोध, उजवीकडे इतिहासातला एखादा प्रसंग, असा रोजचा नेम. विज्ञान मी लिहायचं, कारण मी शाळेत सायन्स टीचर. इतिहास मल्हारराव मामांनी, कारण ते रिटायर्ड हिस्टरी टीचर, आणि गल्लीत मोडी वाचणारे एकटेच. भाषा मराठी, अक्षरं तमिळ! देवनागरी वाचणारे आमच्यात बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्यातली दोन बोटं मामांची आणि माझी.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, ‘एका इंजिनियरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, त्यावरून मायक्रोवेव्ह ओव्हन सापडला.’

शेजारी सुंदरीअक्काचं टिफिनचं दुकान. ती कमरेवर हात ठेवून फळा वाचत उभी राहिली.

“अय्यो! आमच्या यजमानांच्या खिशात चाळीस वर्षं काही ना काही वितळतंय. मला काय सापडलं? साबण!”

* * *

मामांचा एक शब्द ठरलेला. कोणी काहीही सांगा, ते चष्मा वर सरकवणार आणि विचारणार, “आधार?”

म्हणजे कुठे वाचलंस, कोणत्या कागदात, कोणी लिहिलंय. बायको भाजी महागली म्हणाली तरी “आधार?”

एकदा मी डावीकडे लिहिलं की बशीत चुकून वाढलेल्या बुरशीतून पेनिसिलिन सापडलं. मामांनी जोडीला उजवीकडे लिहिलं, ‘आमसूल संपलं म्हणून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात चिंच घातली गेली आणि सांबार जन्मलं.’ गल्ली खूश! मग त्यांनी शेवटी बारीक अक्षरात एक शब्द लिहिला, ‘दंतकथा.’

अक्का धावत आली. “मामा, तेवढं पुसा हो! पुण्याहून व्याही येतायत, त्यांना फळा तुम्हीच वाचून दाखवणार ना! तीन दिवस पुरे की! ते गेले की परत लिहा!”

मामा म्हणाले, “व्याह्यांना सांबार वाढ. दंतकथा मी वाढतो.”

शब्द पुसला नाही.

* * *

माझं उलट. रविवारी महाराष्ट्रातून टूरिस्ट बसेस येतात, तेव्हा मी मराठी गाइड होतो. एकदा देवळाच्या आवारात भर दुपारी तीस माणसांना घेऊन उभा होतो. ऊन असं, की फरशीवर पाय टेकवेना. मी आवाज चढवला, “आणि मंडळी, सायन्सलाही कोडं पडलं आहे! या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही!”

टाळ्या पडल्या. एक सातआठ वर्षांची मुलगी माझा शर्ट ओढायला लागली.

“काका, मग आपण कशात उभे आहोत?”

तीसच्या तीस जणांना मीच उन्हातून हलवून त्या गार पट्ट्यात आणून उभं केलं होतं!

सायन्स टीचर मी. सावली शिकवून पोट भरतो. कान गरम झाले. पण दुसऱ्या रविवारी काय केलं विचाराल, तर तीच गोष्ट सांगितली. फक्त लोकांना उन्हात उभं करून.

* * *

आता अंबूबाई.

त्या दिवशी फळ्यावर मी ग्रहणाचं लिहिलं होतं. हेलियम वायूची पहिली खूण पृथ्वीवर नव्हे, सूर्यात दिसली, आणि तीही आपल्याच देशात खग्रास ग्रहण पाहताना. उजेडात एक पिवळी रेघ, कुठल्याच ओळखीच्या वायूची नसलेली. हे खरं आहे, पुस्तकात पाहा.

वाचनालय बघायला बसमधली मंडळी आली होती. मी बोलायला लागलो की ती एकमेकांकडे बघून हसत. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, “किती गोड बोलता हो! अगदी म्युझियममधली मराठी!”

कौतुकच ते. मला मात्र झोंबलं. (इथेही मी तुमच्यासाठी इस्त्रीची मराठी लिहितोय, ओळखलंच असेल.) म्हटलं, थांबा, दाखवतो म्युझियम.

“ती पिवळी रेघ साहेबांनी दुर्बिणीतून पाहिली,” मी म्हणालो. “पण त्याच सकाळी आमच्या राजवाड्यात अंबूबाई नावाची दासी परातीत हळदीचं पाणी घेऊन बसली होती. ग्रहण आम्ही तसंच बघतो, पाण्यातल्या प्रतिबिंबात. राज्य गेलेलं, राण्या अजून राजवाड्यात. अंबूबाईने पाण्यात वाकून पाहिलं आणि राणीसाहेबांना म्हणाली, ‘आईसाहेब, ह्या पिवळ्यात आणखी एक पिवळा हाय.’”

हसणाऱ्या बाईंनी डोळे पुसले.

मागून आवाज आला, “आधार?”

मामा दारात उभे होते. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “राजवाड्याच्या जुन्या कागदांत आहे. मोडीत.”

खोटं बोलणाऱ्याने निदान पत्ता तरी असा द्यावा जिथे कोणी जाऊ शकत नाही. गल्लीत मोडी वाचणारा एकच माणूस, आणि मी त्यालाच मोडीचा पत्ता दिला!

मामांनी चष्मा खाली घेतला. “वा,” म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा वा म्हटलं.

* * *

पंधरा दिवसांत अंबूबाई सगळ्यांची झाली. अक्का म्हणाली ती तिच्या आत्याच्या सासरची. समोरच्या घाटगेअण्णांनी जाहीर केलं की ती त्यांची खापरपणजी.

“आमच्या घरात सगळ्यांची नजर तीक्ष्ण!” अण्णा म्हणाले.

“मग काल माझ्या दुकानात मीठ समजून साखर कोणी घेतली?” अक्काने विचारलं.

दोघं महिनाभर बोलत नव्हती. अण्णा टिफिनला बस स्टँडपर्यंत चालत जायचे. एका वाक्यात मिटलं असतं. ते वाक्य माझ्याकडे होतं. मी दोन्हीकडे जाऊन कॉफी प्यायलो.

* * *

मग एक दिवस मामांची नात जानकी शाळेच्या गेटवर येऊन उभी राहिली. बँकेत नोकरी करते, कधी सुट्टी घेत नाही. त्या दिवशी घेतली होती.

“रामूमामा, तुम्हीच सांगा ना आजोबांना. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबू नका. ऐकतच नाहीत!”

“का?”

“कोणी अंबूबाई आहे म्हणे. रोज राजवाड्यातल्या ग्रंथालयात जाऊन मोडी कागद बघतात. भिंग घेऊन, एका डोळ्याने. म्हणतात, रामू कधी आधार देत नाही, या वेळी दिलाय. पान सापडलं की मग ऑपरेशन.”

आमच्या एका राजांना डोळ्यांच्या उपचारांचा नाद होता. रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेत, नोंदी ठेवत. ते मामा फळ्यावर दरवर्षी लिहितात. आणि त्याच गावात एक म्हातारा मी बनवलेल्या बाईसाठी डोळा घालवत बसला होता!

मी त्याच संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. अंबूबाई नाही, परात नाही, कागद नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.”

* * *

शेवटचा किस्सा.

त्यानंतर आठवड्याने मामांनी सकाळीच सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. अक्का आली, अण्णाही आले, दोघं दोन टोकांना. मामांच्या हातात त्यांची वही.

“सापडली,” मामा म्हणाले.

माझ्या हातातला कॉफीचा टंबलर तिथेच थांबला.

“मूळ कागद बाहेर आणता येत नाही. ही माझी नक्कल.” त्यांनी वही उघडली. पान मोडीने भरलेलं. वही डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून, ओळीवरून बोट फिरवत ते वाचू लागले. ग्रहण. परात. हळदीचं पाणी. ‘ह्या पिवळ्यात आणखी एक पिवळा हाय.’ शब्द न् शब्द माझा. मग एक ओळ माझी नसलेली, ‘सदरहू अंबूबाईस एकाच डोळ्याने दिसत असे. पोटी संतान नाही.’

अण्णांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने अण्णांकडे. खापरपणजी संपली, आत्याचं सासर संपलं!

“अण्णा, टिफिनला या,” अक्का म्हणाली. “मीठ मी काढून देते.”

जानकीने विचारलं, “आजोबा, आता तरी जायचं ना?”

“आता जायचं,” मामा म्हणाले, आणि वही मिटली. मला मोडी येत नाही. तिथे कोणालाच येत नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर पहिल्याच सकाळी मामा काळा चष्मा लावून फळ्याशी आले. डावी बाजू त्यांनी मला लिहूच दिली नाही. दोन्ही बाजू मिळून अंबूबाईची गोष्ट लिहिली, सावकाश, टपोऱ्या अक्षरांत. माणसं जमली. मी मागे उभा होतो. खाली त्यांनी एक शब्द लिहिला, ‘आधार’. पुढे दोन ठिपके.

मग वळले, गर्दीतून मला शोधलं, आणि खडू माझ्यापुढे धरला.

“हे तू लिही.”

* * *

आता कबुली. अंबूबाई बनवलेली, हे तुम्हांला माहीतच आहे, ते मोजत नाही. वर मी लिहिलं की मामांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. तेवढं बनवलेलं आहे. मामांना कळलं ते त्यांचं त्यांनाच.

गेलो होतो, हे खरं. दारात चप्पल काढली. आत मामांनी भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा. मी परत चप्पल घातली आणि आलो.