डाव्या हाताचं पातेलं

चहाच्या पातेल्याची दांडी सैल झाली म्हणून ते दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने ते हातात फिरवून पाहिलं. "सर, याची चोच उलट्या बाजूला आहे."

"बायको डावखुरी होती. तिने मुद्दाम करून घेतली होती."

"मग आता सरळ करून देऊ?"

मी नको म्हणालो.

वाकलेल्या अवकाशातून सूक्ष्म कण कसे जातात, याची गणितं करण्यात माझं आयुष्य गेलं. कणांमध्येही डावे-उजवे असतात. ज्याला वस्तुमानच नाही, असा कण एखाद्या अवजड ताऱ्याजवळून कितीही वळून गेला, तरी डावा तो डावाच राहतो. वस्तुमान असलं, की मात्र डावं-उजवं एकमेकांत मिसळू लागतं. हे एकदा तिला सांगितलं, तेव्हा ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे अंगावर ओझं पडल्याशिवाय तेही बदलत नाहीत."

ती गेल्यापासून माझ्या उजव्या हाताने त्या पातेल्यातला चहा रोज ओट्यावर सांडायचा. "तुझं हे पातेलं," असं पुटपुटत मी फडकं घ्यायचो. दिवसभरात मी तिच्याशी बोलायचो ते एवढंच.

आज सकाळी नकळत पातेलं डाव्या हातात धरलं गेलं. चहा सरळ कपात पडला, थेंबही सांडला नाही. फडकं खिळ्यावर कोरडंच राहिलं, आणि मी तिच्याशी काही बोललो नाही.