खांब बघणारे काका

उल्हासनगरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक काका आहेत. गेममध्ये चित्र मधोमध फाटतं अशी तक्रार नेली, की ते रेसच्या गेममध्ये स्वतः गाडी काढतात आणि रस्ता सोडून कडेचे खांब बघत बसतात. खांब कापल्यासारखा दिसला की समाधानाने "हां" म्हणतात.

मी नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या तयारीनेच गेलो होतो.

"कार्ड एकदम ओके आहे तुमचं. व्ही-सिंक चालू केलं की चित्र सलग दिसेल, पण गाडी किंचित उशिरा वळेल. बोला, जिंकायचंय की बघायचंय?"

"बघायचंय."

काकांनी सेटिंग बदललं आणि खात्रीसाठी पुन्हा गाडी काढली. बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे गेल्या, मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली, आणि काका एकेक अख्खा खांब बघत निवांत चालले होते.